पहिले हजार घरचे

त्यांचं आडनाव साठे नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण केजमधली निम्मी माणसं त्यांना अजूनही साठेसाहेब म्हणून ओळखतात, आणि आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात नव्या पालकांचे अर्ज 'मा. साठे साहेब यांस' असेच यायचे. खरं आडनाव मुसलमानी होतं. घर मशिदीमागच्या गल्लीत, आणि घरात आजोबांपासून फळांचा धंदा. पण दिवाणी कायद्यातलं साठावं कलम या माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचं. नोकरदाराच्या पगाराला कोर्टानं हात घालायचा तर किती घालायचा, ते त्या कलमात लिहिलेलं आहे. शिपायांनी त्यावरून त्यांना साठबाबू केलं आणि पालकांनी साठबाबूंचं साठे केलं. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. एकदा जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "साठे, मूळचे कुठले तुम्ही? पुण्याकडचे का?" तर हे शांतपणे म्हणाले, "न्हाई साहेब, हितलाच. मशिदीच्या मागं." त्यानंतर अधिकारी बराच वेळ खाली मान घालून सह्याच करत राहिला.

मी तिथं कनिष्ठ लिपिक म्हणून लागले ती वडिलांच्या जागेवर. वडील नोकरीत असतानाच गेले आणि ती खुर्ची मला मिळाली. घाटनांदूरहून रोज येऊन-जाऊन नोकरी, घरी आई आणि शिकणारी दोन भावंडं, सगळे माझ्या पगारावर. साठबाबू आमच्या ऑफिसचे मुख्य लिपिक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "पगार झाला की काय करशील बेटा?"

"आईकडं देईन."

"किती?"

"सगळा."

"आन कुर्की आली तर?"

मला कुर्की म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला वाटलं एखादा आजार असेल. मग त्यांनी समजावलं की आजकालची माणसं जिला जप्ती म्हणतात, ती कुर्की. हा शब्द निजामाच्या वेळेपासून त्यांच्या घरात होता आणि त्यांना तोच पसंत होता. जप्ती म्हटलं की कुणीतरी दांडगाईनं हिसकावून नेल्यासारखं वाटतं, कुर्कीला कायदा असतो, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या दिवशी, अजून माझं हजेरीपटावर नावसुद्धा चढलं नव्हतं तेव्हा, त्यांनी माझ्याकडून पाढा म्हणून घेतला: पहिले हजार घरचे. उरल्याचे तीन हिस्से. दोन हिस्से घरचे, एक कोर्टाचा.

"उरल्याचे," ते बोट वर करून म्हणाले. "सगळ्याचे न्हाई. उरल्याचे. ह्या एका शब्दावर लेकरं जगत्यात."

मी लिहून घेतलं. त्यांनी वही ओढून घेतली आणि 'उरल्याचे'भोवती लाल पेन्सिलीनं गोल केला. माझ्याकडं ती वही अजून आहे, फेकून द्यायचं धाडस झालं नाही.

आता हे ऐकायला फार मोठं वाटतं, पण खरा फरक किती? समजा एखाद्याचा पगार शेहेचाळीस हजार. आडमाप कारकून सरळ शेहेचाळीसचा तिसरा हिस्सा कापतो. साठबाबू आधी हजार बाजूला काढायचे आणि पंचेचाळीसचा तिसरा हिस्सा कापायचे. पंधरा हजार. फरक महिन्याला तीनशे तेहतीस रुपयांचा. नवी असताना मी एकदा म्हणाले की चाचा, एवढ्याशा रकमेसाठी तुम्ही मुख्याध्यापकांशी भांडता. (ऑफिसात सगळे त्यांना समोर चाचा म्हणायचे, मागं साठबाबू.) त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तीनशे तेहतीसमधी दोन लेकरांच्या वर्षाच्या वह्या येत्यात. तुज्या भावाला इच्चार कव्हर घालून किती येत्यात." मी खरंच विचारलं. येत होत्या.

जेवतानासुद्धा त्यांचं हेच. घरून सात चपात्या यायच्या. पहिली काढून झाकणावर ठेवायची, ती हजाराची. उरलेल्या सहांचे तीन ढीग. दोन ढीग ह्यांचे, तिसऱ्या ढिगातल्या दोन चपात्या कोर्टाच्या. कोर्ट म्हणजे आमचा शिपाई लक्ष्मण. बिचाऱ्याची बायको वेगळ्या गावी नोकरीला, त्यामुळं डब्याचे हाल. रोज एक वाजला की साठबाबू दारात बघत ओरडायचे, "कोर्ट आलं का बे?" आणि लक्ष्मण ताट घेऊन यायचा. एकदा घरून चुकून सहाच चपात्या आल्या. पहिली बाजूला काढली, राहिल्या पाच. पाचाचे तीन हिस्से करायला ते चक्क फुटपट्टी घेऊन बसले, आणि लक्ष्मण हात धुऊन उभा. मी हसून हसून बेजार झाले. ते मात्र मुळीच हसले नाहीत.

ते कुणाला जामीन राहत नसत, सख्ख्या भावालासुद्धा नाही, आणि त्यावरून त्यांच्या घरात बरीच वर्षं बोलणी बंद होती असं ऐकलं होतं. लग्नाला गेले, मग निकाह असो की लगीन, आहेराच्या पाकिटात नोटेबरोबर एक चिठ्ठी घालायचे: 'कोणासही जामीन राहू नये. शुभाशीर्वाद.' आमच्याकडच्या एका शिक्षकाच्या बायकोनं ती चिठ्ठी देवघराच्या काचेत लावून ठेवली होती.

कोर्टाचा बेलिफ कुर्कीचं वॉरंट घेऊन आला तर बाकीची ऑफिसं त्याला बघून घाबरतात नाही तर कटवतात. आमच्याकडं त्याला आधी चहा मिळायचा, सीताफळाच्या दिवसांत सीताफळंही. मग साठबाबू उभं राहून वॉरंट मोठ्यानं वाचायचे, एखादं लग्नाचं आमंत्रण वाचावं तसे. हे सगळं वेड कुठून आलं, असं आम्ही त्यांना विचारायचो. दर वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाले, आजोबा निजामाच्या अदालतीत पट्टेवाले होते. दुसऱ्यांदा म्हणाले, तरुणपणी वकिलाच्या पोरीशी लग्न करायचं होतं म्हणून कायदा वाचला, पोरगी गेली नि कायदा राहिला. तिसऱ्यांदा म्हणाले, "रद्दीत फळं गुंडाळायला पुस्तक आलतं. पयलं पान तेच निघालं." मला हे तिसरंच खरं वाटतं. पण लक्ष्मणचा भरवसा वकिलाच्या पोरीवर होता.

आता जाधव सरांचं सांगते. विज्ञान शिकवायचे. पोरांचे फार लाडके, बाटलीचं रॉकेट उडवायचे, नकला करायचे, स्टाफरूममध्ये ते आले की सगळे खुर्च्या त्यांच्याकडं वळवायचे. मलाही ते आवडायचे, हे कबूल करते. त्यांनी एका दोस्ताच्या, शिटा भरून चालवायच्या वडाप जीपच्या कर्जाला जामीन दिला. दोस्त जीप घेऊन परागंदा झाला आणि कोर्टाचा निवाडा सरांच्या नावावर आला. मुख्याध्यापक घाबरट माणूस, म्हणाले, अर्धा पगार कापून टाका, कोर्टाचं काम आहे, उगाच कमी-जास्त झालं तर माझी मान अडकायची. साठबाबूंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर कायद्याचं पुस्तक उघडून ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, पगार मानसाचा नसतोय. पगार चुलीचा असतोय. मानूस नुसता वाहून आनतो." त्या महिन्यापासून उरल्याचा तिसरा हिस्साच कापला गेला.

चोवीस महिने ते कापत राहिले, कारण त्या निवाड्यासाठी तेवढेच महिने कापता येतात. पंचविसाव्या महिन्याला साठबाबूंनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "कर्ज फिटलं का?" तर म्हणाले, "न्हाई. कलम फिटलं." जाधव सरांनी सगळ्यांसमोर वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सरांच्या बायकोनं, जाधव वहिनींनी, त्या आठवड्यात पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. साठबाबूंनी त्या मोजून हिस्से केले की नाही ते आठवत नाही, कारण मी त्यातल्या दोन खाल्ल्या. सरांना पाढा तोंडपाठ झाला होता आणि ते नव्या शिक्षकांना नकलेसकट म्हणून दाखवायचे: पहिले हजार घरचे, उरल्याचे तीन हिस्से. आवाज हुबेहूब साठबाबूंचा.

पुढं वर्ष-दीड वर्षानं वहिनी दोन्ही लेकरं घेऊन पाटोद्याला भावाकडं निघून गेल्या. का गेल्या ते गावाला माहीत होतं, पण स्टाफरूममध्ये तो विषय कुणी काढत नव्हतं. सर होते तसेच राहिले, हसरे, रॉकेटवाले. आम्हीही खुर्च्या त्यांच्याकडं वळवत राहिलो.

त्याच सुमारास साठबाबूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. आधी एक डोळा, त्यात काहीतरी बिघडलं, मग दुसरा लांबला. आठवड्याची रजा चार महिन्यांवर गेली. पगारबिलं माझ्याकडं आली. मला वाटलं होतं घाबरेन, पण मला उलट चांगलं वाटत होतं. पहिल्याच महिन्यात बेलिफ आला. मी चहा मागवला, उभी राहून वॉरंट वाचलं. जाधव सरांच्या नावावर पोटगी. वहिनींनी कोर्टातून मिळवलेली, थकबाकीसकट, आणि ती फिटेपर्यंत दरमहा पगारातून 'कायद्याने जप्त करता येईल तेवढा भाग' कोर्टात भरायचा असा हुकूम.

दुपारी सर आले, स्टुलावर बसले. आवाज खाली होता.

"ताई, तेच कलम, तोच मी," ते म्हणाले. "चाचांनी केलतं तसंच करा. दुसरं काय सांगू?"

मी तसंच केलं. सरांचा पगार तोवर शेहेचाळीस हजार झाला होता. आधी हजार बाजूला काढले, उरल्याचे तीन हिस्से केले, एक हिस्सा कापला. पंधरा हजार. मुख्याध्यापकांना मी 'उरल्याचे' हा शब्दही समजावून सांगितला आणि त्यांनी कौतुकानं मान हलवून सही केली. दुसऱ्या महिन्यात तेच, तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. सरांनी एकदा माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. मी पेढा खाल्ला. घरीही दोन नेले, धाकट्या भावासाठी.

साठबाबू परत आले तेव्हा काळा चष्मा होता आणि हातात भिंग. मला वाटलं, शाबासकी मिळणार. त्यांनी चार महिन्यांच्या फायली काढून घेतल्या आणि एकेक कागदावरून भिंग फिरवत बसले. एक वाजला. लक्ष्मण ताट घेऊन दारात येऊन उभा राहिला. त्यांनी वर बघितलंच नाही. लक्ष्मण तसाच परत गेला.

"म्याडम," ते म्हणाले. रागावले की ते मला म्याडम म्हणायचे. "हा शब्द वाचा."

भिंगाखाली वॉरंट होतं. मी वाचला. "पोटगी."

"पुन्ना."

"पोटगी."

"ह्याच्यात पोट कुनाचं हाय?"

त्यांनी पुस्तक काढलं, कलम साठ उघडलं, आणि ज्या ओळीवर मी वर्षानुवर्षं नाचत होते तिच्या खालच्याच ओळीवर भिंग ठेवलं. कर्जाच्या कुर्कीत दोन हिस्से कमावणाऱ्याचे. पोटगीच्या कुर्कीत उलटं. कमावणाऱ्याला फक्त एक हिस्सा, बाकीच्या दोन हिश्शांना कोर्ट हात घालू शकतं, आणि पहिल्या हजाराची सवलतही तिथं नाही. एकच कलम, एकच पगार, आणि हिशोब उलटा. वहिनींना महिन्याला तीस हजार सहाशे सहासष्ट मिळायला हवे होते. मी पंधरा पाठवत होते.

माझे कान तापले. मी म्हणाले, "चाचा, तुम्ही हे मला कधी शिकवलंच नाही."

ते खरंच होतं. आमच्या ऑफिसला त्याआधी पोटगीची कुर्की कधी आलीच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. नव्या डोळ्यांतून पाणी यायचं तेव्हा.

"आदी माजी चूक," ते म्हणाले. "मी तुला अर्दंच शिकिवलं. पन वाचता तर तुला बी येतंय की बेटा."

चार वाजता जाधव सरांना बोलावलं. सर आले ते हसतच आले, चाचा कसे आहात, डोळे कसे आहेत. साठबाबूंनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

"सर, ह्या महिन्यापास्नं दोन हिस्से जातील. एक तुमचा."

सरांना आधी गंमत वाटली. मग समजलं. "चाचा, असं कावून करता? मीच हाय ना मी? तुमीच म्हनलावता, पगार चुलीचा असतो म्हनून. वाचवलावता तुमीच."

"चूल पाटोद्याला हाय, सर," साठबाबू म्हणाले. "हितं तुमी डबा खाताव."

सर लालबुंद झाले. एका बाईच्या सांगण्यावरून एवढ्या वर्षांचा माणूस तोडता, असं काहीतरी म्हणाले. माझ्याकडंही बघितलं, की मी काही बोलेन. मी बिलाचा कागद सरळ करत बसले. साठबाबू एवढंच म्हणाले, "तोडत न्हाई. मी कापतोय. कायद्यानं." पुढं वर्षाभरात साठबाबू निवृत्त झाले, निरोपसमारंभाला अख्खं गाव लोटलं, पालकांनी 'साठे साहेब यांस सप्रेम' असं लिहिलेली शाल दिली. जाधव सर त्या दिवशी रजेवर होते. आता साठबाबू धाकट्या मुलाकडं असतात, मला क्वचित फोन येतो, आणि पहिला प्रश्न अजून पगाराचाच असतो.

पण सरांशी बोलणं झालं त्या दिवशी संध्याकाळी साठबाबूंनी आधी कोर्टाला पत्र लिहिलं. चूक आमच्या कार्यालयाची, असं स्वच्छ लिहून मुख्याध्यापकांसमोर ठेवलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचून सही केली. कमी गेलेली रक्कम आता थकबाकीतच राहणार आणि पुढच्या महिन्यांतून वसूल होणार, हे मला कळलं होतं. कागदावर सगळं नीट बसत होतं. मला हायसं वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

"रविवारी पाटोद्याला जाऊ," ते म्हणाले.

"कशाला? पत्र गेलंय ना."

"चूक कागदाला सांगून झाली. जिची झाली तिला कुनी सांगितली?"

मला जायचं नव्हतं, हे इथं सरळ लिहिते. मी आईच्या तब्येतीचं कारण काढलं. त्यांनी विचारलं, काय होतंय आईला, मी सांगितलं गुडघे, ते म्हणाले, "गुडघे आईचे दुखत्यात, बस तुला पकडायची हाय." रविवारी सकाळी आम्ही केजच्या स्टँडवर भेटलो. मांजरसुंब्याला बस बदलली. वाटेत ते सीताफळांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. वहिनी, माझ्याकडून अनवधानानं. वहिनी, तांत्रिक चूक. एकही धड जुळत नव्हतं.

वहिनींची खोली भावाच्या घराला लागून होती. पत्र्याची, पण स्वच्छ सारवलेली. दारावर रंगानं लिहिलेली पाटी होती, पिको-फॉल करून मिळेल. वहिनी आत चटईवर बसून एका साडीला हातानं टाके घालत होत्या. आम्हाला बघून घाईनं उठल्या, पदर सारखा केला. साठबाबूंना त्यांनी लगेच ओळखलं. "या साहेब, लई दिसांनी. डोळ्याला काय झालं तुमच्या?"

मी जुळवलेली वाक्यं विसरले. सांगितलं ते असं: वहिनी, तुमचे पैसे चार महिने मी कमी पाठवले. कोर्टानं नाही, सरांनी नाही. हिशोब मी केला आणि चुकीचा केला. निम्म्याहून कमी पाठवले. आता नीट येतील.

त्यांनी ऐकून घेतलं. साडी हातात तशीच होती.

"मला वाटलं कोर्टानंच तितके ठरिवले," त्या म्हणाल्या. "सरकारी कागद. आमी कुनाला इच्चारावं?" मग म्हणाल्या, "ताई, तुमी तरी आलाव सांगायला. बसा, चहा टाकते."

त्या चुलीकडं वळल्या. साठबाबू खोलीत इकडंतिकडं बघत होते. खिडकीखाली, जिथं उजेड पडत होता, तिथं जमिनीवर चार गोल खुणा होत्या आणि एक रिकामं स्टूल. बाकी काही नव्हतं.

"वहिनी, मशीन कुठं हाय?"

"दिली."

"कुनाला?"

"ह्या पल्याडच्या बाईला. पोरीची फी भरायची होती ना, नर्सिंगची. तारीख चुकली असती तर सीट गेलीच म्हना." चहाची पूड टाकताना त्या बोलत होत्या, अगदी बाजारहाटाचं सांगावं तसं. "पोरगी लागली तिकडं बीडला, बरं झालं. हातानं होतंय थोडंथोडं."

साठबाबू स्टुलाजवळ गेले. बसले नाहीत. त्या चार खुणांकडं बघत म्हणाले, "पन ती न्हेता येत न्हाई."

वहिनींनी मागं वळून बघितलं.

"कारागिराचं हत्यार हाय ते. कलम साठमधी लिवलंय. कुनाचं किती बी कर्ज असूं द्या, कोर्ट सोता दारात आलं तरी शिवायच्या मशीनला हात लावता येत न्हाई." त्यांचा आवाज ऑफिसात वॉरंट वाचताना असायचा तसा वर चढला होता. "कुनालाच न्हेता येत न्हाई, वहिनी."

"कुनी न्हेलीच न्हाई साहेब," वहिनी म्हणाल्या. "मीच इकली. सोताच इकली तर मंग काय कलम हाय?"

मी साठबाबूंकडं बघत होते. ज्या माणसाकडं दोन चपात्यांनाही कलम होतं, तो तोंड उघडेल आणि एखादी खालची ओळ सांगेल असं मला खरंच वाटलं. मी मनापासून वाट बघत होते. ते सांगतील, मग मी मान हलवेन, मग काहीतरी अर्ज करता येईल.

"न्हाई," ते म्हणाले. आणि स्टुलावर बसले.

वहिनींनी आमच्या हातात चहा दिला. सीताफळं ताटात ओतून घेतली आणि साडी पुन्हा हातात घेऊन बसल्या. कोर्टाला सुद्धा जी मशीन नेता आली नसती ती माझ्या पेन्सिलीनं या खोलीतून नेली होती, आणि ह्या बाईनं मला बसायला चटई दिली होती. मला रडू येत होतं, पण तिथं रडणं म्हणजे त्यांनाच आणखी कामाला लावणं, म्हणून मी कप तोंडाला लावून बसले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खडखड सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. तीन-चार टाके, मग एक बारीक कुरकुर, मग पुन्हा टाके. वहिनी हातातली सुई थांबवून ऐकत राहिल्या.

"माझीच हाय," त्या मला म्हणाल्या. "पायाखालचा पायटा कुरकुरतोय बघा. तेल घाल म्हनलं होतं तिला. घालत न्हाई."